जाणाऱ्या पाण्याचा इतिहास

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण मराठी माणसाला शाळेच्या वयातच पाठ होते. क्षुल्लक जागी काटेकोर बंदोबस्त करायचा आणि जिथून खरे नुकसान व्हायचे ते दार सताड उघडे ठेवायचे, या अव्यवहारी शहाणपणाची ती थट्टा आहे. म्हणीचा अर्थ शिकवताना आपण विद्यार्थ्यांना दरवाजाकडे पाहायला सांगतो. मोरीकडे कुणी पाहत नाही. वास्तविक घराच्या रचनेविषयी ही म्हण एक महत्त्वाची गोष्ट सांगून जाते. घराला दोन तोंडे असतात, एक माणसांसाठी आणि दुसरे पाण्यासाठी. पहिल्याच्या वाट्याला उंबरठा, तोरण आणि रांगोळी येते. दुसऱ्याच्या वाट्याला चिंध्यांचा बोळा.

प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे तोंड आहे. स्वयंपाकघरातले सांडपाणी जिथून बाहेर पडते ती जागा तुंबली की ती मोकळी कोण करते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु सिंक तुंबले की मराठी मध्यमवर्गीय घरात ‘काय अडकले असेल?’ हा प्रश्न मागाहून येतो. आधी विचारले जाते, ‘कुणाला बोलवायचे?’ या ‘कुणाला’ शब्दाच्या मागे आपल्या समाजाचा फार जुना व्यवहार उभा आहे, आणि त्याचा माग काढण्यासारखा आहे.

१

येणाऱ्या पाण्याला इतिहास असतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. जमिनीखालचा तो दगडी नळ, त्यावर ठिकठिकाणी हवेसाठी बांधलेले उच्छ्वास, शहरातले हौद, यांची वर्णने पुण्याच्या प्रत्येक इतिहासात आढळतात. औरंगाबादेस मलिक अंबरच्या नहरीचे असेच कौतुक आहे. पाणी आणणारा राजा, पेशवा किंवा दानशूर सावकार यांची नावे टिकतात, हौदांना नावे मिळतात, बारवांवर शिलालेख कोरले जातात. वापरून झालेले पाणी कुठे गेले, याची नोंद मात्र सहसा कुणी ठेवत नाही. मोरी बांधून दिल्याबद्दल कुणाचे नाव दगडावर कोरलेले पाहण्यात येत नाही.

जुन्या घरात हे पाणी फार दूर जातही नसे. स्वयंपाकघराच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात चार बोटे उंच कठडा घातलेली फरशीची चौकट, भिंतीत एक भोक, भोकापलीकडे उघडी नाली आणि नालीच्या शेवटी परसातला अळू, कर्दळ, केळीचा एखादा बुंधा, असा तो सारा मार्ग होता. आपण चवीने खाल्लेल्या कितीतरी अळूवड्या मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या पानांच्या होत्या. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. राख अल्कधर्मी असल्यामुळे ती तेलकटपणा सुटा करी. खरकटे आधी निराळे काढून गुरांच्या पाटीत पडे. मोरी तुंबली तरी अडथळा डोळ्यांना दिसे. काठीने किंवा खराट्याच्या काडीने तो दूर होई. बोळ्याचे कामही येथेच होते. रात्री भिंतीतल्या भोकातून उंदीर, घूस, प्रसंगी साप आत येऊ नये, म्हणून चिंध्यांचा गोळा करून तिथे कोंबत आणि सकाळी काढून ठेवत.

ही काठी कुणाच्या हातात असे, हे सांगायला नकोच. घरातली सून, नाही तर केस कापून आलवण नेसवलेली विधवा आत्या, हिच्याकडे उष्टी-खरकटी काढणे आणि मोरी धुणे हे काम असे. ‘आयुष्यभर उष्टी काढली’ हा मराठीतला वाक्प्रचार बाईच्या तोंडचा आहे. पुरुषाच्या तोंडी तो आलाच तर उपहासाने येतो. आपण ‘चूल आणि मूल’ म्हणतो. यमकात न बसल्यामुळे असो वा अन्य कारणाने, मोरी त्या जोडीत आली नाही. चुलीवर आपल्याकडे ओव्या आहेत, कविता आहेत. अन्न शिजण्याला प्रतिष्ठा आहे, अन्न संपल्यानंतरच्या कामाला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्र आहे. बाहेरून येणाऱ्या वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अतिरेक वाचताना आपल्याला हसू येते आणि मागोमाग कीवही येते. वर्गात हे प्रकरण शिकवताना सोवळ्याच्या मानसिकतेवर पुष्कळ बोलले जाते. एक साधा भौतिक प्रश्न मात्र विचारायचा राहतो: एवढे धुतल्यावर ते सारे पाणी जात कुठे असेल? शुद्धीची कल्पना जितकी कडक, तितके सांडपाणी अधिक. सोवळ्याला मोरी लागतेच, आणि मोरी ही ओवळ्यातली ओवळी जागा. ज्या संस्कृतीने ‘धुणे’ या क्रियेला इतके महत्त्व दिले, तिने धुतलेले पाणी वाहून नेणाऱ्या जागेला आणि हाताला सर्वांत खालची पायरी द्यावी, हा विरोधाभास वरवरचा आहे. एकाचे सोवळे टिकावे म्हणून दुसऱ्याने ओवळे व्हावे, अशीच ती व्यवस्था होती.

घराच्या भिंतीपर्यंत हे काम स्त्रीचे आणि भिंतीपलीकडे जातीचे, अशी या श्रमाची वाटणी होती. बोळा बसवलेले ते भोक म्हणजे या दोन श्रमांमधली सीमारेषा.

२

शहर आले आणि मोरी लांबली. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने येऊ लागले. पाणी वाढले, पण ते बाहेर नेण्याची व्यवस्था त्या मानाने मागेच राहिली. येणारे पाणी आधी आणि जाणारे मागाहून, हा क्रम आपल्या बहुतेक शहरांनी पुढेही पाळला. परसच नसलेल्या घरांच्या मोऱ्या मग दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या फटीत सोडल्या गेल्या. मुंबईच्या मराठीने या फटीला ‘घरगल्ली’ हे नाव दिले. किती गोड शब्द आहे! प्रत्यक्षात घरगल्ली म्हणजे मोऱ्यांचे नळ आणि संडासांच्या टोपल्या जिथे उतरत, ती सूर्य न पाहिलेली बोळ. तिथून मैला वाहून नेणाऱ्यांची निराळी ये-जा असे. घराचा दर्शनी भाग रस्त्याकडे आणि घरगल्ली पाठीमागे. एकाच इमारतीला दोन रस्ते, आणि दोन रस्त्यांवर दोन समाज. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात पाणीपट्टीच्या बरोबरीने ‘हलालखोर कर’ नावाचा कर होता. पाण्यावरच्या कराला पाण्याचे नाव मिळाले, मैला वाहण्यावरच्या कराला ते काम करणाऱ्या समाजाचे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि मोरी एकाएकी सरकारी चिंतेचा विषय झाली. रोग दूषित हवेतून, म्हणजे दुर्गंधीतून पसरतो, ही समजूत तेव्हा पुरती गेलेली नव्हती. साहजिकच संशय गटारांवर गेला. समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड यांनी मोऱ्या-गटारे धुऊन काढण्याची मोहीम निघाली, घरांच्या भिंतींना चुना फासला गेला. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. १९०५ नंतर मुंबईत संशोधन करणाऱ्यांना असे आढळले, की गटारात राहणारा उंदीर आणि घरात राहणारा उंदीर हे दोन निराळे असून साथ पहिल्यात आधी आणि दुसऱ्यात मागाहून दिसते. म्हणजे दुर्गंधीचा सिद्धान्त चुकला, तरी गटारावरचा संशय पुरता वायफळ नव्हता. आपल्या म्हणीने ज्याची थट्टा केली तो मोरीचा बोळा प्लेगच्या वर्षांत शहाणपणाचा ठरण्यासारखा होता. दरवाजातून तपासणीचे सोजीर आले हे लोकांच्या लक्षात राहिले. मोरीकडून काय आले असेल, याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

दुर्गंधीच्या याच भयातून युरोपात एक लहानसे साधन जन्माला आले होते. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमध्ये धंदा करणारा घड्याळजी. १७७५ साली त्याने संडासासाठी घेतलेल्या पेटंटात नळाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण दिले. या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. पाणी पुढे जाऊ शकते, पण गटारातली हवा त्या साचलेल्या पाण्याला ओलांडून मागे येऊ शकत नाही. घडवलेली ही पहिलीच मोरी अशी, की जिला आपला बोळा स्वतः तयार करता येतो, आणि तोही पाण्याचा! आजही आपल्या सिंकखाली जो वाकडा नळ किंवा बाटलीच्या आकाराचा डबा असतो, त्यात तत्त्व हेच आहे. प्लंबर त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात.

भाषेच्या अभ्यासकांसाठी येथे एक गमतीची नोंद करावीशी वाटते. भारतीय अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत जमिनीतल्या ट्रॅपला ‘न्हाणी ट्रॅप’ असे नाव आढळते. पश्चिम भारतातल्या घरातली न्हाणी त्या ग्रंथांत जशीच्या तशी जाऊन बसली. इंग्रजी शब्द मराठीत आल्याचे दुःख आपण वारंवार करतो. उलट प्रवास करून गेलेल्या या शब्दाची दखल मात्र घेतली जात नाही. तो मोरीवाटे गेला, हे त्याचे कारण असावे.

ट्रॅपमुळे एक मोठा बदल घडला. उघडी नाली दिसत होती, तिचा वास येत होता आणि म्हणून ती विसरता येत नव्हती. ट्रॅपने सांडपाणी अदृश्य आणि गंधहीन केले. पाणी जाळीतून खाली गेले की ते आपल्या जगातून गेले. ही सोय आरोग्याच्या दृष्टीने अमोल आहे यात वाद नाही. पण विसरण्याची कला आपल्या समाजाला आधीपासूनच अवगत होती; यंत्राने तिला बळ दिले.

३

येणाऱ्या पाण्यासाठी महाराष्ट्रात लढे झाले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ही दोन्ही प्रकरणे पाठ्यपुस्तकांत आहेत आणि ती तिथे असलीच पाहिजेत. जाणाऱ्या पाण्याचा लढा मात्र फारसा कुणी शिकवत नाही. तो १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात झाला.

अप्पासाहेब पटवर्धन हे कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते. सविनय कायदेभंगाच्या शिक्षेत ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातली सफाईची कामे कैद्यांच्या जातीप्रमाणे वाटली जात. अप्पासाहेबांनी मागणी केली, की हे काम मला द्या. ते उच्चवर्णीय असल्यामुळे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी मागणी नाकारली. अप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. पुणे कराराच्या उपोषणाला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे मान्य केल्यावर लवकरच ते थांबले.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. परकीय सरकारचा तुरुंग, जिथे कैद्याला नावाऐवजी क्रमांक मिळतो, तिथेही झाडू आणि बादली जातीला विचारूनच दिली जात होती. एखाद्या माणसाला घाणेरडे काम करायला लावणे ही शिक्षा असते, हे आपण समजू शकतो. एखाद्याला ते काम करूच न देणे ही व्यवस्थेची अधिक खोलवरची खूण आहे. अप्पासाहेबांच्या मागणीने ती खूण उघडी पडली. स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी साध्या, स्वस्त संडासांचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ या नावाने ते ओळखले गेले. केवळ हातात झाडू घेणे पुरेसे नाही, ज्याला हात लावावा लागतो ती वस्तूच बदलली पाहिजे, इथवर त्यांचा विचार गेला होता, हे त्या प्रयोगांवरून दिसते.

तरीही या साऱ्या प्रयत्नांना एक कठोर प्रश्न बाबासाहेबांनी विचारला आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणाऱ्या १९४५ च्या आपल्या ग्रंथात ते सांगतात, की या देशात सफाईकाम करणारा त्याच्या कामामुळे सफाईकामगार ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. ते काम त्याने केले न केले तरी त्यात फरक पडत नाही. अशा समाजात सफाईच्या कामाचा गौरव करणे म्हणजे ज्यांच्यावर ते लादले आहे त्यांना त्यातच समाधान मानायला सांगणे होय. उच्चवर्णीयाने एक दिवस झाडू हाती घेतला, तर संध्याकाळी तो खाली ठेवण्याची मुभा त्याला असते. ही मुभा हाच खरा भेद आहे.

अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी गाव झाडला आणि रात्री कीर्तन केले. त्यांच्या झाडूत वर सांगितलेली अडचण नव्हती, कारण ते समाजाच्या खालच्या थरातून आले होते आणि तो झाडू त्यांनी कधी खाली ठेवलाच नाही. आपण मात्र त्यांचा पुतळा उभारताना हातातला झाडू कोरून घेतो आणि पुतळ्याभोवतीची जागा झाडायला दुसऱ्याला सांगतो.

मराठी कवितेत गटार आले तेही याच वाटेने. १९७२ च्या ‘गोलपिठा’ने जी भाषा आणली तिला अनेकांनी गटाराची भाषा म्हटले. तोवरच्या कवितेला मोरीच नव्हती असे मानायचे, की तिला पक्का ट्रॅप बसवलेला होता असे म्हणायचे, हे समीक्षकांनी ठरवावे. नामदेव ढसाळांनी ते वळणातले साचलेले पाणी काढून टाकले, एवढे खरे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी स्वयंपाकघर जमिनीवरून उठून ओट्यावर गेले. चूल गेली, स्टोव्ह आणि गॅस आला. पाटावर बसून भाजी चिरणारी स्त्री उभी राहिली. तिच्याबरोबर मोरीही वर चढली आणि तिचे नाव ‘सिंक’ झाले. चाळीच्या खोलीत एकाच मोरीवर आंघोळ, धुणे आणि भांडी होत. ब्लॉकमध्ये त्यांची फारकत झाली. राख गेली आणि साबण आला. परस गेले, गुरे गेली, त्यामुळे खरकट्यालाही निराळी वाट राहिली नाही. ताटातले उरलेसुरले नळाखालीच जाऊ लागले.

आजच्या सिंकमध्ये तुंबण्याचे मुख्य कारण ही बदललेली वाट आहे. फोडणीचे तेल, तूप, रश्शाचा तवंग गरम असताना पातळ असतो. नळात गार झाला की आतल्या बाजूस बसतो. कठीण पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तोही त्यावर चढतो. मग भाताची शिते फुगतात, चहाचा चोथा आणि कढीपत्त्याची पाने त्या चिकट भिंतीला धरून राहतात. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात १३० टन वजनाचा आणि २५० मीटर लांबीचा असाच चरबीचा गोळा सापडला होता. आपल्या सिंकखालचा गोळा मुठीएवढा असतो. जात मात्र तीच.

हा गोळा काढण्याचे काम वस्तुतः अर्ध्या तासाचे आहे. ते असे: साचलेले पाणी आधी भांड्याने उपसून घ्यावे. तळाशी चार-पाच बोटे पाणी राहू द्यावे, कारण लाकडी दांडीला लावलेला रबरी पेला, ज्याला प्लंजर म्हणतात, तो पाण्यात बुडलेला असेल तरच जोर लागतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिंकला दुसरे भांडे असेल किंवा वरच्या कडेशी जादा पाणी जाण्याचे भोक असेल, तर ते ओल्या फडक्याचा बोळा करून घट्ट बंद करावे. दुसरे तोंड उघडे राहिले तर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. येथे आपली म्हण अक्षरशः खरी ठरते. फक्त यावेळी बोळाही हवा आणि मोकळी राहायला हवी ती मोरीच. आठ-दहा वेळा पेला सरळ रेषेत दाबून उचलला, की बहुधा वाट मोकळी होते.

न झाल्यास ट्रॅप उघडावा लागतो. खाली बादली ठेवावी. ट्रॅपच्या प्लॅस्टिकच्या चकत्या हातानेच फिरवून सैल होतात. पाना लागलाच तर चकती तडकणार नाही इतपतच वापरावा. आतले काळे, आंबट वासाचे जे काही बाहेर येते ते कागदावर काढून कचऱ्यात टाकावे, परत दुसऱ्या मोरीत नव्हे. जुन्या ब्रशने ट्रॅप घासावा, वायसर होता तसाच बसवावा आणि पाणी सोडून सांध्यांवर कोरडे बोट फिरवून गळती पाहावी. ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी अडत असेल, तर अडथळा भिंतीकडे जाणाऱ्या नळात असतो. तिथे लवचीक तार फिरवत आत सरकवावी लागते.

दुकानात मिळणाऱ्या चूर्णांविषयी सावधगिरी हवी. त्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्याशी मिसळला की खूप उष्णता निर्माण होते. त्वचा आणि डोळे यांना तो भाजतो. चूर्णाने काम झाले नाही म्हणून मागोमाग ॲसिड ओतणे, किंवा ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देणे, हे जिवाशी खेळणे आहे. दुसऱ्या प्रकारात विषारी क्लोरीन वायू निघतो. चूर्ण घातलेल्या पाण्यात प्लंजर चालवू नये, आणि नंतर प्लंबरला बोलावले तर आत काय ओतले आहे हे त्याला आधी सांगावे. ते न सांगणे म्हणजे आपला आळस दुसऱ्याच्या डोळ्यांवर उडवणे होय.

हे सारे घरातला कोणताही धडधाकट प्रौढ करू शकतो. तरीही ते होत नाही. पुस्तकांच्या कपाटाचा निखळलेला स्क्रू स्वतः बसवणारा, स्कूटरचा प्लग स्वतः साफ करणारा गृहस्थ सिंकखाली वाकत नाही. ग्रीसने काळा झालेला हात त्याला मर्दानी वाटतो, खरकट्याने काळा झालेला हात वाटत नाही. दोन्हींमध्ये मळ एकच, चिकट. एक यंत्राचा आणि एक अन्नाचा. अन्नाचा मळ अधिक अपवित्र का, याचे उत्तर आरोग्यशास्त्रात सापडणार नाही. ते आपल्याला पहिल्या प्रकरणातल्या त्या आलवण नेसलेल्या आत्याजवळ आणि दुसऱ्या प्रकरणातल्या घरगल्लीत शोधावे लागते.

५

मग स्वतः ट्रॅप उघडला म्हणजे काय साधते? बाबासाहेबांच्या प्रश्नापुढे हे उत्तर जपून द्यायला हवे. रविवारी सकाळी आपल्या सिंकमधला चोथा काढणारा प्राध्यापक काही रत्नागिरीच्या तुरुंगातला सत्याग्रही होत नाही, आणि त्याने तसा समज करूनही घेऊ नये. तो फक्त आपले खरकटे आपण काढतो. यात गौरवण्यासारखे काही नाही, हेच त्यातले महत्त्वाचे आहे. ज्या दिवशी हे काम गौरवाचे किंवा लाजेचे न राहता कपाटाचा स्क्रू पिळण्याइतके सामान्य होईल, त्या दिवशी ‘कुणाला बोलवायचे?’ या प्रश्नातला ‘कुणाला’ गळून पडेल. प्लंबरला बोलावण्यातही मग कमीपणा नसेल. तो कारागीर म्हणून येईल आणि कारागिराचे दाम घेऊन जाईल.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. ज्याने एकदा आपल्या हाताने तो गोळा काढला, त्याला आपण खाली काय सोडतो हे कळते. ते कळल्यावर तो तेल नळात ओतत नाही, कढईचा तवंग कागदाने पुसून घेतो, सिंकच्या तोंडाला जाळी बसवतो. आणि हे ज्ञान भिंतीशी थांबत नाही. इमारतीच्या दोनशे सिंकांतून सुटलेले तेल पुढे मुख्य नळात, चेंबरमध्ये, रस्त्याखालच्या गटारात जाऊन गोठते. तिथे प्लंजर चालत नाही. तिथे झाकण उघडून माणूस उतरवला जातो.

या देशात मैला उचलायला माणूस नेमण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात आणि टाकीत माणूस उतरवण्यालाही बंदी घातली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ मरणे थांबलेली नाहीत. वायूने गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या आजही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात, आणि त्यातली नावे वाचली की हलालखोर कराची आठवण होते.

म्हणीतला माणूस मोरीला बोळा घालून निर्धास्त झोपला आणि दरवाजातून चोर आला. आपण ट्रॅपच्या रूपाने मोरीला कायमचा पाण्याचा बोळा बसवून घेतला आहे आणि पलीकडून कोणताही वास आपल्यापर्यंत येत नाही. तो अधूनमधून आपल्या हाताने उघडून पाहावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. भिंतीच्या अलीकडचे काम त्याने पुरे होते. पलीकडचे काम यंत्राचे आहे, आणि ते यंत्राने व्हावे म्हणून नगरपालिकेच्या दारात उभे राहणे हे पुन्हा आपलेच.